चांदणी, मामा आणि मागचा शॉकअप

माझं नाव सौंदर्या. हसू नका. गंगावेशीतल्या आमच्या गल्लीतनं सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन मी चाललो की लोक मुद्दाम पूर्ण नावानं हाक मारतात. "काय सौंदर्या, कुठं निघालीस नटून?" उकिरड्यावर निघालोय, दिसत नाही? आणि हो, मी 'चाललो' म्हणतो, 'चालले' नाही. मुलगीच आहे मी, पण कोल्हापूरची आहे, आणि आमच्याकडं पोरी अशाच बोलतात. पुण्याच्या एका पाहुणीनं मला एकदा हे सुधारायला सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही आधी म्हशीची धार काढून दाखवा, मग सुधारतो." तिनं विषय बदलला.

तर ही गोष्ट दोन हजार चारच्या दिवाळीतली. मी तेव्हा वीस वर्षांचा घोडा, म्हणजे घोडी, आणि बारावीनंतर घरीच. घरी म्हणजे गोठ्यात. आम्ही लिंगायत गवळी. माझे वडील ईरप्पा, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, त्यांच्या पाच म्हशी. त्यातली चांदणी सगळ्यांत देखणी. रंग तव्याच्या बुडासारखा, शिंगं मागं वळलेली, आणि कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. ती पुढं चालली की बाकीच्या चौघी मुकाट मागनं येतात, आणि ती बसली की बसतात. आमच्या गोठ्यात आप्पांच्या खालोखाल तिचंच चालतं.

ज्यांनी कोल्हापूरचा पाडवा बघितला नाही त्यांना सांगितलं पाहिजे. पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. म्हशीला भादरून, तेल लावून, शिंगं रंगवून, शिंगांवर मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत चाळ अशी सजवायची आणि रस्त्यावर आणायची. मग धनी आपल्या मोटरसायकलचा सायलेन्सर काढून टाकतो आणि गल्ली दणाणून सोडत पुढं सुटतो. म्हशीला दावं नाही, काठी नाही. ती एवढ्या गर्दीत आपल्या धन्याच्या गाडीचा आवाज बरोबर ओळखते आणि शेपूट वर करून त्याच्या मागं धावते. शेजारची गाडी कितीही बोंबलली तरी तिकडं बघत नाही. ज्याची म्हस अशी धावली त्याची वर्षभर मान ताठ. ज्याची थांबली त्यानं पुढचा पाडवा येईपर्यंत कट्ट्यावर फिरकू नये.

आप्पांची राजदूत होती. तिचा आवाज चांदणीच्या रक्तात भिनलेला. पण उन्हाळ्यात पुलाच्या उतारावर एका ट्रकला चुकवताना आप्पा पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळी घातली. राजदूत भंगारात गेली आणि आप्पा खाटेवर. तेव्हापासनं धारा, वैरण, शेण, नदीवर म्हशी धुवायला नेणं, सगळं माझ्याकडं आलं. फक्त रोज धारेच्या वेळी आप्पांना उठवायचं आणि ते सांगतील तसं करायचं. मला ते आवडायला लागलं हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

विचारायचं सोडून प्रभुलिंग काकानं, म्हणजे आप्पांच्या धाकट्या भावानं, दसऱ्याला सोनं द्यायला येऊन खाटेवर बसकण मारली आणि परस्पर निकालच लावला. "आण्णा, तुझा पाय काय पयल्यासारखा व्हायचा न्हाय. पोरगी हाय ती. उद्या लगीन हून जाईल. म्हशी काय सासरला घेऊन जाणाराय व्हय? माझ्या दावणीला बांध. आमचा सोम्या बघंल."

मी आतनं ओरडलो, "सोम्याला सोताच्या ताटाबिगर काय तरी दिसतंय व्हय?"

"बघ, तोंड बघ हिचं," काका म्हणाला.

काका वाईट माणूस नाही, हे इथंच सांगतो. आप्पांचा दवाखाना त्यानंच धावपळ करून केला. पण त्याच्या डोक्यात एकदा गोष्ट बसली की सळी घालून बसवल्यासारखी बसते. आणि सोमेश, त्याचा पोरगा, तालमीत जाऊन नव्वद किलोचा झालेला, तोही गुणी आहे. फक्त तो गोठ्यात आला की म्हशी उठून उभ्या राहतात, कारण त्यांना वाटतं आता आपली जागा जाणार.

आप्पांनी कोपरावर रेटून मान वर केली. मग म्हणाले, "पाडव्याला बघू. म्हस ज्याच्या मागं पळंल त्यो तिचा धनी. आपल्या बानं घालून दिलंय."

"ठरलं की मग," काका मांडीवर थाप मारून म्हणाला. "तीन हाका. तीन हाकांत चांदणी पोरीच्या मागं पळाली तर मी परत तोंड उघडणार न्हाय. न्हाय पळाली तर पाचीच्या पाची माझ्याकडं. चाललं का?"

"चाललं!" मी आतनं ओरडलो. माझ्या आईनं, अव्वानं, हातातलं लाटणं माझ्या पाठीत घातलं, पण शब्द गेला तो गेला.

मला भीती नव्हती. का असावी? सहा महिने रोज सकाळी मी पुढं आणि चांदणी मागं, असंच आम्ही नदीवर जात होतो. मी मोटरसायकलवर नव्हतो एवढंच. माझ्याकडं सायकल होती. दहावी पास झालो तेव्हा आप्पांनी घेतलेली, लालभडक, डबल शॉकअपची. तेव्हा अख्ख्या गल्लीत तशी सायकल नव्हती. पुढच्या चाकाला शॉकअप आणि सीटच्या खाली आडवा बसवलेला दुसरा, जाड स्प्रिंगचा. बसलं की सायकल खाली दबायची, उतरलं की वर यायची. पहिला महिनाभर मी नुसताच बसत-उतरत होतो.

चार वर्षांत तिचं कौतुक सरलं आणि तिला आवाज लागला. मागच्या शॉकअपमधनं यायचा तो. पायडल मारलं की टक्, पाय उचलला की टॅक. टक्-टॅक, टक्-टॅक. नदीच्या रस्त्याला तर दगडागणिक. सायकलवाल्यानं तेल सोडलं, थांबला नाही. सोमेश म्हणाला, "त्यात काय, आवळ की!" आणि पान्याला पाइप लावून असा आवळला की दोन दिवस सायकल खाटेसारखी ताठ झाली. तिसऱ्या दिवशी नट सैल पडला आणि टक्-टॅक परत सुरू, पहिल्यापेक्षा खणखणीत. समोरच्या बायडाबाई तर दारात बसून ओरडायच्या, "आली गं टकटकी! चहा ठेवा, सहा वाजलं!" लाज वाटायची मला. वीस वर्षांची पोरगी गल्लीतनं जाते तेव्हा तिच्या पैंजणांचा आवाज यावा, माझ्या बुडाखालनं यायचा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी बाळासो मामा आला. अव्वाचा धाकटा भाऊ. इचलकरंजीत एका शेडमध्ये जॉबर आहे, म्हणजे कापडाचे माग दुरुस्त करणारा. चाळीस माग एकदम धडधडत असताना कुठल्या मागाचा कुठला नट ढिला झालाय हे त्याला लांबनं कळतं. मामीनं दिलेली हाक मात्र कधी ऐकू येत नाही. दिवाळीला माग बंद असले की त्याचे हात शिवशिवतात. येताना पिशवीत लाडवांच्या डब्याखाली पाने, कानस आणि काय काय लोखंड घेऊन येतो, आणि दारात चप्पल काढायच्या आधी कान टवकारतो. गेल्या दिवाळीत त्यानं आमचा पंखा, काकाचं दार आणि बायडाबाईंचा पाळणा दुरुस्त केला होता. बायडाबाईंनी सांगितलंही नव्हतं.

मी नेमका त्याच वेळी वैरण घेऊन आलो. टक्-टॅक, टक्-टॅक, दारापर्यंत.

मामाचा चेहरा पडला. दात दुखल्यावर पडतो तसा. "पोरी," तो म्हणाला, "हे काय चालवतीस तू? असला माग वाजला तर मालक मला शेडमधनं हाकलून घालंल."

"वाजू दे की मामा. सवय झालीया."

"सवय? मी असताना?"

झालं. लाडवांचा डबा तसाच दारात, अव्वा चहा घेऊन तशीच उभी, आणि मामा अंगणात सायकलीपाशी मांडी घालून. त्यानं मला सांगितलं, "सीट धर आन हळूच वर उचल, परत सोड." मी तसं केलं. त्यानं शॉकअपच्या टोकाला, जिथं तो बोल्टनं सायकलीच्या दांड्याला धरलेला असतो, तिथं बोट ठेवलं. डोळे मिटले. "परत. परत. हां! घाव इथं बसतोय बघ, बोट ठेव." मी ठेवलं. खरंच, सीट उचलली की तिथं बोटाखाली बारीक ठोका लागत होता.

"ह्याला प्ले आलाय, आत ढिला खेळतोय," मामा म्हणाला. "आवळून जात न्हाय प्ले. कोण शाना आवळत होता?"

भिंतीवर बसून करंजी खाणाऱ्या सोमेशनं दुसरीकडं तोंड फिरवलं.

मामानं बोल्ट काढला. मधोमध झिजून त्याला कंबर आली होती. शॉकअपच्या भोकातला बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणारी नळीसारखी पुंगळी, ती तर एका बाजूनं पार खाल्लेली. गोल भोक लांबट झालेलं. बोल्ट त्यात असा हलत होता की मामानं "अरारारा" केलं आणि तो दाखवायला चक्क आप्पांच्या खाटेपाशी घेऊन गेला. आप्पांनी ती पुंगळी उजेडात धरून बघितली आणि आपल्या मांडीकडं बघून म्हणाले, "मलाबी असलंच काय तरी बसवलंय."

नवा बुश आणायचा कुठनं? दुकानं पूजेच्या गडबडीत. पण मामाच्या पिशवीत नाही असं काही नसतं. त्यानं एक जाड पांढरा ठोकळा काढला. मागात सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला टोला देऊन या टोकाचा त्या टोकाला पाठवणारा पिकर असतो ना, त्यातला झिजून टाकलेला. "दिवसाचं हजारो टोलं खातोय ह्यो," मामा प्रेमानं म्हणाला. "तुझ्या सायकलीला जल्मभर बघायला नको." शेजारच्या आकाराम मिस्त्रीचं ड्रिल मागून आणलं, भोक पाडलं आणि मग कानस घेऊन बसला. घास घास घास. थोडं घासायचं, बसवून बघायचं, "अजून जाड हाय", परत घासायचं. गल्लीत पणत्या लागल्या, फटाके सुरू झाले, काकाच्या घरची पूजा झाली, मामा आपला घासतोय. शेवटी तो ठोकळ्याचा बुश शॉकअपमध्ये अंगठ्यानं दाबून बसला. नवा बोल्ट त्यात सरकवताना मामा म्हणाला, "वंगण आण." अव्वानं दारातनं विचारलं, "लोनी चालंल का?" त्यावर मामानं बहिणीकडं असं बघितलं की ती आत गेली.

नट बसवला, बेताचाच आवळला. मी सीट धरून उचलली, सोडली. काहीच नाही. बोट ठेवून बघितलं, ठोका नाही. बसून दोन उड्या मारल्या. सायकल लोण्यावरनं गेल्यासारखी खाली गेली, वर आली. गप्प!

"मामा, नाद खुळा!" मी ओरडलो आणि त्याच्या गळ्यात पडलो. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. आयुष्यात इतका खूश झालेला माणूस मी बघितला नव्हता. रात्री जेवताना त्यानं ती गोष्ट चारदा सांगितली, आम्ही सगळे तिथंच होतो तरी.

पाडव्याला सकाळपासनं माझे हात चांदणीवर. भादरली, धुतली, तेलानं चोळली. शिंगं एक लाल, एक हिरवं. कपाळावरच्या ठिपक्याभोवती मी हळदीचं फूल काढलं. अव्वानं कवड्यांची माळ घातली, मोरपिसं बांधली. मामानं सायकल धुऊन हँडलला झेंडूची माळ लावली आणि मला म्हणाला, "वर बसू नगंस, चिखल लागंल. ढकलत ने." मी ढकलत नेली. चांदणीला दाव्यानं धरून अव्वा आली. आप्पांना मामानं आणि आकारामनं खुर्चीसकट उचलून रस्त्याच्या कडेला आणून बसवलं. सहा महिन्यांनी ते असं उन्हात बसले होते. दाढी केलेली, डोक्याला रुमाल. त्यांच्याकडं बघून मला पहिल्यांदाच भीती वाटली. हरलो तर संध्याकाळी गोठ्यातले पाच खुंटे रिकामे आणि हा माणूस खाटेवर पडून ते बघणार.

रस्ता फुटून चालला होता. सायलेन्सर काढलेल्या गाड्या, धूर, शिट्ट्या, ढोल. एकेकाची म्हस येत होती, धावत होती, लोक ओरडत होते. मग बायडाबाईंचा आवाज आला, "टकटकीचा नंबर आला!" आणि सगळे हसत पुढं सरकले. सायकलीवरनं म्हस पळवणारं अजून कुणी बघितलं नव्हतं.

काकानं चांदणीचं दावं सोडलं. "ही पयली हाक," तो म्हणाला.

मी सायकलीवर बसलो, ओरडलो "हॉऽऽ चांदणे!" आणि उभं राहून पायडल मारलं. सुर्रकन सुटलो. वीस-तीस हात गेलो असेन. मागनं चाळांचा आवाज नाही. वळून बघितलं. चांदणी जागच्या जागी उभी राहून रवंथ करत होती. माझ्याकडं बघत होती, पण कुणी ओळखीची बाई एस.टी.तनं चाललीय तसं.

लोक हसले. मी परत आलो, सायकल वळवली. "दुसरी हाक," काका म्हणाला. आता मी घंटी वाजवली, शीळ घातली, गळा फाडून ओरडलो, "चांदणे, ये की गं! चांदणे!" ती हलली. ती शांतपणे चालत रस्त्याच्या कडेला गेली आणि एका रिक्षाची झेंडूची माळ खायला लागली.

एवढं हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं. रिक्षावाला बोंबलतोय, पोरं शिट्ट्या मारतायत. सोमेशला बिचाऱ्याला माझी दया आली असावी, त्यानं आपल्या गाडीचा कान पिळला, तर चांदणीनं त्याच्याकडं पाठ फिरवून शेण टाकलं. मला रडू फुटायला लागलं आणि रडायला लागलो की मला राग येतो. मी तिच्याजवळ जाऊन कानात म्हटलं, "सहा महिने तुझं शेण काढलं गं मी, बया. सहा महिने!" तिनं माझा खांदा चाटला. माया होती. पळायचं तेवढं नाव नव्हतं.

"पोरी," काका म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता, त्यालाही बरं वाटत नव्हतं. "ऱ्हाऊ दे तिसरी. घरला जाऊया."

तेवढ्यात गर्दीतनं मामा किंचाळला. "थांबा! थांबा! आयला, माझ्या हातानं वाटोळं केलं की!" आणि कपाळावर हात मारत रस्त्याच्या मधोमध आला. "आवाज! अक्का, आवाज! सायकलीचा आवाज मीच काढून घेतला की!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मला कळलं. अख्ख्या कोल्हापूरला माहीत आहे की म्हस धन्याच्या गाडीच्या आवाजामागं धावते. पोराटोरांना माहीत आहे. पण सायकलीलाही आवाज असतो आणि चांदणी सहा महिने रोज सकाळी तोच ऐकत नदीवर येत होती, हे आमच्यापैकी कुणाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. टक्-टॅक म्हणजेच तिची राजदूत होती. आणि मामानं ती कानसेनं घासून बंद केली होती.

मामानं पिशवीतनं पाना काढलाच होता. दुसऱ्याच्या म्हशीला वाट करून देऊन आम्ही सायकल कडेला घेतली. नट काढला, बोल्ट ओढला, आणि तो पांढरा बुश, काल संध्याकाळभर घासलेला, एवढा अचूक बसला होता की निघेना. मामा हातोडीनं तो ठोकून बाहेर काढत होता आणि प्रत्येक ठोक्याला स्वतःच "आई गं" म्हणत होता. मग जुना खाल्लेला बुश, जुना कंबर आलेला बोल्ट. ते त्यानं टाकले नव्हते. त्याच्या पिशवीतनं काही टाकलं जात नाही म्हणून आम्ही वाचलो.

काका कमरेवर हात ठेवून बघत होता. "म्हंजे म्हस आवाजामागं येती," तो म्हणाला, "पोरीच्या मागं न्हाय. मग उद्या सोम्यानं ह्या सायकलीवर टांग टाकली तर त्याच्याबी मागं येईल की. धनी कोण झाला, पोरगी का सायकल?"

लोक "खरं हाय, खरं हाय" करायला लागले. माझं डोकं फिरलं. "मग बसव की तुझ्या सोम्याला!" मी ओरडलो आणि सायकल सोमेशच्या अंगावर ढकलली. "हाण! तुझ्या मागं आली तर पाचीच्या पाची घेऊन जा, मी तिसरी हाक मारणारच न्हाय!"

"अगं ए खुळे!" अव्वा किंचाळली. आप्पांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या.

सोमेश रडकुंडीला आलेला. "मला कशाला मधी घेतायसा?" पण काकानं डोळे वटारले. सोमेश बसला. सायकल कुईं करून जी खाली दबली ती दबलेलीच राहिली. त्यानं पायडल मारलं, "हॉऽ चांदणे!" केलं आणि निघाला. सगळी गल्ली कान लावून. आणि काय सांगू, टक् नाही की टॅक नाही! नुसता टायरांचा फुसफुस आवाज. चांदणीनं एकदा बघितलं आणि परत त्या रिक्षाकडं वळली.

"वाजंना की! मामा, तू बुश काढलास का न्हाय?" मी घाबरून विचारलं.

मामाचे डोळे मिटलेले होते. तो ऐकत होता. मग त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की कानापर्यंत गेलं. "काढलाय की! आरं, नव्वद किलोचं पोतं बसल्यावर शॉकअप दबूनच ऱ्हातोय. बोल्ट एका अंगाला टेकून बसला, त्याला हलायला जागाच न्हाय. वाजणार कसा?" तो काकाकडं वळला. "दाजी, ह्यो आवाज सायकलीचा न्हाय. ही पोरगी हलकी, त्यात उभं ऱ्हाऊन पायडल मारती. दाबती, सोडती, दाबती, सोडती. ही चालवती तवाच वाजतंय त्ये. दुसऱ्या कुणाला वाजवायचं न्हाय."

सोमेश उतरला. सायकल माझ्या हातात देताना हळूच म्हणाला, "हाण भावा." तो मला भावाच म्हणतो.

"तिसरी," काका म्हणाला. एकदम हळू.

मी चांदणीला हाक मारली नाही. गळाच बसला होता. नुसता चढलो, उभा राहिलो आणि पायडल दाबलं.

टक्.

पाय सुटला. टॅक.

चांदणीचे कान उभे राहिले. तोंडातली झेंडूची माळ तशीच लोंबत होती.

टक्-टॅक, टक्-टॅक, टक्-टॅक.

मागनं चाळ असे वाजले की लोकांची हसायची तोंडं उघडीच राहिली. मी वळून बघितलं तर शेपूट वर, मोरपिसं मागं गेलेली, तोंडात झेंडू, आणि सबंध काळं धूड माझ्या मागं धावत येत होतं. मी आणखी जोरात हाणलं, ती आणखी जोरात आली. बायडाबाई दारात उभ्या राहून टाळ्या पिटत ओरडत होत्या, "पळ टकटके, पळ!" नदीच्या घाटापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. ती एक पाऊल मागं राहिली नाही. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाहू दे म्हटलं.

आलो तेव्हा काका रस्त्याच्या मधोमध उभा. मूठभर गुलाल त्यानं आधी चांदणीच्या कपाळाला लावला, मग उरलेला माझ्या सगळ्या तोंडाला फासला, नाकात जाईपर्यंत. "तोंड उघडणार न्हाय म्हटलोय," तो म्हणाला, "न्हायतर लई शिव्या घातल्या असत्या तुला. सायकल दिऊन टाकतीस व्हय गं, खुळे?" आणि मग सोमेशवर ओरडायला गेला, कारण कुणावर तरी ओरडणं भागच होतं.

मामा अजून त्या पांढऱ्या बुशाकडं बघत उभा होता. "एवढा झ्याक बसलाता," तो म्हणाला. अव्वानं तो त्याच्या हातातनं काढून घेतला आणि चांदणीच्या माळेत, दोन कवड्यांच्या मधी ओवून टाकला. अजून आहे तिथं. मामा दर दिवाळीला येतो, माझी टक्-टॅक ऐकली की कानात बोटं घालतो आणि आत जाऊन पंखा उघडतो.

त्या दिवशी आप्पांना खुर्चीसकट परत घरात नेलं, तेव्हा मी चांदणीला बांधायला दावं शोधत होतो. ते आप्पांच्या मांडीवर होतं. काकानं सोडलेलं, त्यांनी मागून घेतलेलं. मी हात पुढं केला. त्यांनी ते लगेच दिलं नाही. दाव्याची गाठ बघितली, एकदा सोडून परत नीट मारली आणि मग माझ्या हातात ठेवलं.

"उद्यापास्नं धारंच्या वक्ताला मला उठवू नगंस," ते म्हणाले. "काय इचारायचं असलं तर मीच येऊन तुला इचारीन."